किती तास थेरपी ते नंतर, आधी समोर कोण बसलंय ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑटिझमवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. चांगला होता, उगाच घाबरवलं नाही आणि 'मूल पूर्ण बरं होईल' असली गाजरंही दाखवली नाहीत, त्याबद्दल खरंच आभार. पण अर्धा लेख आठवड्याला किती तास बिहेवियर थेरपी (म्हणजे मुलाचं वागणं बघून त्याला टप्प्याटप्प्याने शिकवणं) हवी यातच गेला आणि ती देणाऱ्याबद्दल आलं एकच वाक्य, की 'प्रशिक्षित व्यक्तीकडूनच' घ्यावी. आता प्रशिक्षित म्हणजे कोण हे पालकांनी ओळखायचं कसं? मी आधी बरीच वर्षं मुलांबरोबर काम केलं आणि आता नवीन थेरपिस्टांना शिकवते, त्यामुळे त्या एका वाक्यापाशी अडकले ती अडकलेच. पत्र लांबलंय, कात्री लावायला तुम्ही आहातच.

तर आधी तासांचं. हे खूळ आलं कुठून, तर १९८७ मध्ये अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठातल्या इवार लोवास यांनी एक पेपर छापला. चार वर्षांच्या आतली १९ ऑटिस्टिक मुलं, प्रत्येकाला आठवड्याला ४० तास एकास एक शिकवणं, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, आणि त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली, आयक्यूसुद्धा नॉर्मलमध्ये आला. ज्या काळात डॉक्टर सरळ हात वर करायचे त्या काळात हे वाचून पालकांना काय वाटलं असेल विचार करा. तेव्हापासून ४० हा आकडा लोक जपमाळेसारखा जपतात. पण त्याच पेपरात आणखी बरंच काही होतं. कुठलं मूल ४० तासांच्या गटात आणि कुठलं तुलनेसाठीच्या कमी तासांच्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, थेरपिस्ट मोकळा आहे की नाही यावर ठरलं होतं. शिकवणारे होते विद्यापीठातले विद्यार्थी, ते त्याच क्लिनिकमध्ये तयार झालेले आणि सतत कोणाच्या तरी नजरेखाली काम करणारे. आईवडिलांनाही शिकवलेलं होतं. आणि हो, नको ते वागणं थांबवायला मोठ्यांदा 'नाही' ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही त्या ट्रीटमेंटमध्ये होतं, हे आज सांगताना बरेच जण गिळून टाकतात. जगाने यातून काय उचललं तर ४० तास. देखरेख तिथेच राहिली.

नंतरच्या अभ्यासांनी तासांची ही बाजू बरीच सैल केलीये. २०१८ च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये (आधी झालेले अभ्यास कडक निकषांवर तपासणारा आढावा) या प्रकारच्या सघन थेरपीचे निकषात बसणारे अभ्यास मिळाले फक्त ५, सगळी मिळून २१९ मुलं. रोजच्या जगण्यातली कौशल्यं, भाषा, आयक्यू यात फायदा दिसतो पण पुरावा कमकुवत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. २०२४ मध्ये जामा पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात शंभरावर अभ्यास एकत्र करून बघितलं की थेरपीचे तास वाढले तर फायदा वाढतो का, आणि तसा ठोस संबंध काही सापडला नाही. याचा अर्थ थेरपी नको असा कोणी काढू नका प्लीज. एवढाच काढा की एखादं सेंटर 'तीस तासांच्या खाली आम्ही घेतच नाही' म्हणत असेल तर त्यांना विचारा, का? याच मुलाला तीस का? उत्तर मुलाबद्दल यायला हवं, पॅकेजबद्दल नाही.

आता माणसाचं. मी जे म्हणतेय ना की समोर कोण बसलंय त्यावर सगळं आहे, ते उदाहरणानेच सांगते. समजा पाचेक वर्षांचं मूल आहे, टेबलावर काम दिलं की हाताला येईल ते भिरकावतं. न शिकलेला माणूस म्हणतो शिस्त लावली पाहिजे, आणि मुलाला उचलून कोपऱ्यात बसवतो. मुलाला तर तेच हवं होतं, काम टळलं! उद्या ते आणखी जोरात भिरकावणार आणि आपण म्हणणार की वर्तन बिघडत चाललंय. तेच भिरकावणं दुसऱ्या एखाद्या मुलात कोणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून असेल, तिसऱ्यात काढून घेतलेलं खेळणं परत मिळावं म्हणून, आणि चौथ्याला वस्तू पडल्याचा आवाजच आवडत असेल. दिसायला चारही सारखं, कारण चार, उपाय चार. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांबद्दल हेच दाखवलं होतं, प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. मग १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचं पाऊल टाकलं, मुलांना 'मदत कर' किंवा 'माझं बरोबर आलं का' असं विचारायला शिकवलं, आणि ज्याला जे हवं होतं ते बोलून मिळायला लागल्यावर आरडाओरडा, मारणं कमी झालं. ऐकायला किती सोपं आहे. पण कुठलं मूल कुठल्या कारणाने करतंय हे ओळखायला आधी काय झालं, मग मुलाने काय केलं, आणि त्यावर आपण काय केलं, हे तिन्ही दिवसचे दिवस लिहून काढावं लागतं, आणि लिहिणाऱ्याला स्वतःचं मत बाजूला ठेवून नुसतं दिसलं ते लिहिता यावं लागतं. 'आज खूप हट्टीपणा केला' अशी नोंद असेल तर ती नोंदच नाही.

आणि या सगळ्याच्याही आधी, दुखतंय का ते बघा. कान, दात, पोट. बोलता न येणारं मूल अचानक डोकं आपटायला लागलं तर पहिला फोन थेरपिस्टला नाही, मुलांच्या डॉक्टरला. बद्धकोष्ठता असलेल्या मुलावर महिनाभर वर्तनाचा प्रोग्रॅम चालवलेला मी पाहिलाय, कुठे ते लिहीत नाही, पण बघून डोकं फिरलं होतं.

दुसरं उदाहरण बारीक आहे पण मला फार आवडतं. टेबलावर तीन चित्रं ठेवून 'बॉल दाखव' म्हणायचं, मूल दहापैकी नऊ वेळा बरोबर दाखवतं, डेटा शीटवर ९० टक्के, सगळे खूश. मग मी व्हिडिओ बघते तर काय, बॉलचं कार्ड दर वेळी उजव्या हाताला, किंवा सूचना देताना थेरपिस्टची नजर नकळत बॉलकडे जाते आणि मूल चित्र बघतच नाहीये, तिचे डोळे बघतंय! हुशार आहे हो मूल, त्याने शिकण्यासारखं होतं ते शिकून घेतलं, फक्त बॉल शिकलं नाही. असं नकळत दिलेलं प्रॉम्प्ट, म्हणजे उत्तराची खूण, स्वतःचं स्वतःला कधीच दिसत नाही, दुसऱ्या कोणीतरी बघूनच सांगावं लागतं. हात धरून करून घ्यायची सवय तर त्याहून वाईट, ती हळूहळू काढत न्यायची असते आणि ती कधी काढायची हे आधीच ठरलेलं असावं लागतं, नाहीतर मूल हात पुढे करून बसून राहतं की धर आता आणि करून घे. मग एका खोलीत एका ताईबरोबर येणारी गोष्ट घरी येत नाही, आणि घरच्यांना वाटतं मूलच नाटक करतंय.

आता ट्रेनिंगकडे येते. सध्या वीकेंडच्या वर्कशॉपचं पीक आलंय, दोन दिवस स्लाइड्स बघायच्या, शेवटी ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, आणि सोमवारी तो माणूस मुलासमोर बसतो. नुसतं ऐकून आपलं वागणं बदलत नाही हे मुलांच्या बाबतीत आम्ही दिवसभर सांगत असतो आणि मोठ्यांना शिकवताना मात्र तेच विसरतो, गंमत आहे. थेरपिस्ट तयार करायची जी पद्धत खरंच चालते ती चार टप्प्यांची आहे, आधी सांगा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग लगेच फीडबॅक द्या, आणि जमेपर्यंत शेवटचे दोन परत परत. वर्कशॉप पहिल्या टप्प्यावर संपतात. फार तर दुसऱ्यावर.

अमेरिकेत बीएसीबी नावाची, ही थेरपी देणाऱ्यांना सर्टिफिकेट देणारी १९९८ पासूनची संस्था आहे. तिथे सगळ्यात खालच्या पायरीवर प्रत्यक्ष मुलाबरोबर बसणारा टेक्निशियन असतो, त्याला ४० तासांचं ट्रेनिंग (योगायोग बघा, इथेही चाळीसच), मग प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी, मग परीक्षा, आणि पास झाल्यावरही महिन्यातल्या कामाच्या किमान ५ टक्के तासांवर सुपरव्हिजन सक्तीचं. त्याच्या वरचा, प्रोग्रॅम लिहिणारा ॲनालिस्ट, त्याला मास्टर्स डिग्री आणि वर साधारण २००० तास देखरेखीखाली काम. आता माझं मत विचाराल तर ४० तास हे काहीच नाही, मूल ओळखायलाच तेवढे लागतात. पण त्यांनी निदान ५ टक्के तरी लिहून ठेवलंय. आणि २०२३ पासून या संस्थेने नवीन सर्टिफिकेशन मोजक्या देशांपुरतंच ठेवलंय, म्हणजे उरलेल्या जगात हा शिक्का नव्याने मिळणं जवळपास बंद. त्यामुळे कोणी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं की कोणी दिलं, कधी दिलं आणि त्यासाठी कोणी त्यांना मुलाबरोबर काम करताना पाहिलं का, हे विचारण्यात गैर काही नाही. न लाजता विचारा.

मी स्वतः शिकवताना एक करते. नवीन मुलामुलींचे सेशनचे व्हिडिओ पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचे, आणि थेरपिस्टकडे अजिबात बघायचं नाही, फक्त मुलाकडे. आवाज असला की 'व्हेरी गुड', 'शाब्बास' ऐकू येतं आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. आवाज काढला की दिसतं, मूल खुर्चीच्या टोकावर आलंय, खांदे वर गेलेत, सारखं दाराकडे बघतंय, कानावर हात ठेवतंय आणि कोणीतरी ते हात खाली काढतंय. एका फार हुशार मुलीने, थिअरी सगळी तोंडपाठ, असा व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, मॅम, हा तर पळून जायला बघतोय आणि मी डेटा भरतेय. यातून ती जे शिकली ते मी दहा लेक्चर देऊन शिकवू शकले नसते. पुढचे काही दिवस तिने कुठलं टार्गेट, म्हणजे शिकवायचं ठरवलेली गोष्ट, घेतलं नाही, नुसती जमिनीवर बसून तो जे करतो ते करत राहिली, त्याने गाडीचं चाक फिरवलं की हिनेही फिरवायचं. पालकांना वाटतं पैसे घेऊन खेळतायत. वाटू दे. मूल आपणहून जवळ येईपर्यंत टेबलावरचं काम सुरूच करायचं नाही, हा माझा नियम आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही.

इथे एक विषय टाळून चालणार नाही, लेखात तो आला नव्हता म्हणून सांगते. लहानपणी ही थेरपी घेतलेल्या, आता मोठ्या झालेल्या कितीतरी ऑटिस्टिक माणसांनी सांगितलंय की आम्हाला त्रास झाला. डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, नीट बस, आणि हे सगळं आतून काय वाटतंय ते न विचारता. कॅनडातल्या मिशेल डॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि संशोधकही, त्यांनी २००४ मध्येच या क्षेत्राच्या नैतिकतेवर कडक शब्दांत लिहिलं होतं. आमच्या क्षेत्रातले लोक तेव्हा चिडले, अजूनही चिडतात. मला वाटतं चिडण्यासारखं कमी आणि ऐकण्यासारखं जास्त आहे. अमेरिकेत एक संस्था शिक्षा म्हणून कातडीला विजेचे झटके द्यायची, २०२० मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये कोर्टाने ती उठवली, आणि बिहेवियर ॲनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या प्रकाराला अधिकृतपणे विरोध जाहीर केला तो २०२२ मध्ये. बावीस मध्ये! इतका उशीर झाल्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

म्हणून टार्गेट कोणाच्या सोयीसाठी आहे हे बघायला शिकवणं हा ट्रेनिंगचाच भाग असला पाहिजे. हात फडफडवले तर कोणाचं काय बिघडतं? त्याच वेळात मुलाला दुखतंय कुठे ते दाखवायला शिकवता येईल, थांब म्हणायला, मदत मागायला, टॉयलेटला जायचंय सांगायला, चित्रं दाखवून किंवा टॅबवर बोट ठेवून का होईना. आणि 'नाही' म्हणायला. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. जे मूल प्रत्येक मोठ्या माणसाचं प्रत्येक सांगणं निमूट ऐकायला शिकलंय ते डेटा शीटवर फार छान दिसतं, पण कोणी गैरफायदा घ्यायला आलं तर ते काय करणार? मुलाने 'नको' म्हटलं, शब्दाने किंवा अंगाने, की थांबायचं आणि काय बिघडलं ते बघायचं, हे नवीन थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. दात घासणं, औषध घेणं अशा न टाळता येणाऱ्या गोष्टी असतात, मान्य, तिथे छोटे छोटे टप्पे करा, पण नको ऐकू आलंच नाही असं करू नका.

पद्धतीही आता खूप बदलल्यात, हेही लेखात हवं होतं. टेबलावरच्या ड्रिलपेक्षा खेळात, रोजच्या घडामोडीत, मुलाला ज्यात रस आहे तिथून सुरुवात करणाऱ्या पद्धती आल्या. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेलचा २०१० मध्ये आलेला अभ्यास १८ ते ३० महिन्यांच्या ४८ मुलांवर होता. त्याच वर्षी इंग्लंडमधला पॅक्ट नावाचा अभ्यास आला, १५२ मुलं, आणि त्यात थेरपिस्ट मुलाला शिकवतच नाही, पालकांना त्यांचाच मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ दाखवून सांगतो, बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं होतं, तुमच्या लक्षात आलं का? मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१६ चा अभ्यास, गोवा आणि रावळपिंडीतला, ६५ मुलं. हीच पद्धत थोडी बदलून तिथे कोणी दिली, तर मोठ्या डिग्र्या नसलेल्या सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी, तज्ज्ञांकडून ट्रेनिंग आणि देखरेख घेऊन. पालक मुलाशी जास्त जुळवून घ्यायला लागले, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. डब्ल्यूएचओचा पालकांसाठीचा कार्यक्रमही, ९ ग्रुप सेशन आणि ३ घरभेटी, तज्ज्ञ नसलेल्या लोकांना शिकवून चालवता येतो. तर डिग्री नाही म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. त्या कार्यकर्त्यांना कोणीतरी शिकवत होतं, बघत होतं, सुधारत होतं, आणि आपल्या ओळखीतल्या डिग्रीवाल्या थेरपिस्टला शेवटचं कोणी काम करताना पाहिलं असेल देव जाणे.

थेरपिस्टांच्या बाजूनेही थोडं बोलते, नाहीतर सगळा राग त्यांच्यावर जाईल. ही बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं असतात, दिवसाला एकामागून एक सेशन, चावे, ओरखडे, वर पालकांचं टेन्शन, आणि संध्याकाळी डेटा भरायचा. विचारायला वर कोणी नाही. वर्ष दीड वर्षात सोडून जातात, मग मुलासमोर पुन्हा नवा चेहरा आणि पुन्हा शून्यापासून ओळख. सेंटर चालवणाऱ्यांना वाटतं सुपरव्हिजन म्हणजे कमाई बुडवणारे तास. पण पाठीशी बघणारं कोणी असलं की हीच पोरं टिकतात, आणि टिकलेला थेरपिस्ट मुलाला किती फायद्याचा हे काय वेगळं सांगायचं.

पालकांनी मग विचारायचं तरी काय, तर माझ्याकडे लोक फोन करतात त्यांना मी हे सांगते की आधी म्हणा मला सेशन बघायचंय, आत बसून नाहीतर काचेतून नाहीतर व्हिडिओवर, आणि 'पालक असले की मूल डिस्टर्ब होतं' हे एखाद दिवस ठीक आहे, कायमचं उत्तर असेल तर तिथून निघा. मग विचारा की प्रोग्रॅम कोणी लिहिला आणि त्या व्यक्तीने माझ्या मुलाला प्रत्यक्ष शेवटचं कधी बघितलं. मूल नको म्हणालं की तुम्ही काय करता, हे सुपरव्हायजरला नाही, रोज बसणाऱ्या ताईलाच विचारा, ती गोंधळली तरी चालेल, खरं बोलते का बघा. कुठलं टार्गेट का घेतलंय आणि ते आलं तर घरी काय बदलेल हे साध्या भाषेत सांगता येतं का बघा. तीन महिने एकच आलेख सपाट चाललाय आणि तरी तोच प्रोग्रॅम, तर बदल कोण आणि कधी करणार? आणि 'शंभर टक्के रिझल्ट' म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

बऱ्याच आया विचारतात, मग आम्हीच शिकून घरी करावं का. शिका, नक्की शिका, वर सांगितलेले पालकांचे कार्यक्रम त्यासाठीच आहेत. पण चोवीस तास थेरपिस्ट होऊ नका. आंघोळ ही आंघोळ राहू दे, प्रत्येक बादलीला टार्गेट लावू नका, आणि वडील मंडळी, 'तिला जमतं, मला नाही जमत' हे बंद करा, व्हिडिओवर बघून सगळ्यांनाच जमतं.

एवढं एक करा संपादक साहेब, या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा एखाद्या मोठ्या ऑटिस्टिक माणसाशीही बोला, आणि सेंटरच्या मालकाबरोबर तिथे रोज मुलांसमोर बसणाऱ्या एखाद्या थेरपिस्टलाही विचारा की तुझं काम शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं. उत्तर छापा, जे येईल ते.

आपली,
थेरपिस्टांना शिकवणारी एक वाचक